झाडाला आळे हवे

एप्रिल-मे महिन्यांत मुंबईच्या रस्त्यांवर गुलमोहर लाल होतो, सोनमोहर पिवळा होतो. जाणारे-येणारे मान वर करून फुले पाहतात. खाली बुंध्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. आज आपण खाली पाहू.

पदपथावरील एखादे झाड निरखून पाहा. फरशी थेट बुंध्याला भिडलेली असते. उरलेली फटही सिमेंटने बुजवलेली असते. जणू काही हे झाड उगवलेले नाही, विजेच्या खांबासारखे रोवले आहे! काम नीटनेटके दिसते, पण झाडाला ते जाचते.

आपला एक समज असतो : झाड जितके उंच, तितकी त्याची मुळे खोल. तसे नसते. पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. ती आडवी पसरतात आणि फांद्यांच्या सावलीपलीकडेही जातात. ती वर का राहतात? कारण तिथे हवा असते. होय, मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. पाने उजेडात प्राणवायू बाहेर सोडतात, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. पण मुळे अंधारात राहतात. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात, त्यांतून त्यांना प्राणवायू मिळतो. फरशी बसवण्यापूर्वी जमीन धुमसाने ठोकून कडक करतात. त्या पोकळ्या मिटतात आणि वरून फरशीचे झाकण बसते.

पाण्याचेही तसेच. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते एक लिटर पाणी होते. म्हणजे एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा मोकळ्या जागेवर वर्षभरात दोन हजार लिटरांहून अधिक पाणी पडेल. तीच जागा झाकली, तर त्यातले बरेचसे पाणी गटारात वाहून जाते.

हा भाग शिकवत असताना एका मुलाने विचारले, "सर, मग ही झाडे लगेच का मरत नाहीत?" प्रश्न चांगला होता. झाड आपल्या खोडात व मुळांत साठवलेल्या अन्नावर काही वर्षे तग धरते. आधी पाने लहान होतात, मग शेंड्याकडच्या काटक्या वाळतात. बुंधा दरवर्षी जाड होत असतो, पण सिमेंटचे कडे मोठे होत नाही. ते सालीत रुतते. पानांनी तयार केलेले अन्न सालीतूनच खाली मुळांकडे जाते. ती वाट अडली, की मुळे उपाशी राहतात. लोखंडी जाळी वेळेवर काढली नाही, तरी हेच होते. मग जुलैच्या एखाद्या वादळी रात्री झाड उन्मळून पडते. लोक म्हणतात, वाऱ्याने पडले. खाली एखादी रिक्षा असते, कधी माणूसही असतो.

दिल्लीत अशीच तक्रार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेली. तेव्हा २०१३ साली न्यायाधिकरणाने झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात शहरांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडणे हा त्यात गुन्हा आहे. पण झाड न तोडताही मारता येते, हे पदपथावर फिरल्यावर कळते.

बुंध्याभोवती पाण्यासाठी केलेल्या गोल खळग्याला मराठीत 'आळे' म्हणतात. उर्दूत आपण त्याला 'थाला' म्हणतो. आमच्या शाळेसमोरच्या करंजाला आळेच नव्हते. पदपथ नगरपालिकेचा असतो, तो आपण स्वतः फोडायचा नसतो. म्हणून नववीच्या मुलांनी मराठीतून अर्ज लिहिला. पहिल्या अर्जाचे काय झाले, ते कळलेच नाही. दुसरा अर्ज मुले स्वतः घेऊन गेली आणि त्याची पोच घेऊनच परतली. काही आठवड्यांनी दोन कामगार आले. त्यांनी यंत्र न लावता छिन्नी-हातोड्याने सिमेंट काढले. हे बरे झाले. यंत्राच्या दणक्याने वरची मुळे तुटली असती.

शेजारचे फळवाले चाचा मात्र नाराज झाले. "खड्ड्यात पाय अडकून गिऱ्हाईक पडले, तर?" ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मुलांनी आळ्यात भुसभुशीत माती आणि वाळलेली पाने घालून ते पदपथाच्या जवळजवळ बरोबरीला आणले. बुंध्याला लागून मात्र मातीचा ढीग केला नाही, कारण तेथे ओल साचून साल कुजते. पाचोळ्यामुळे मातीतील ओल टिकते. चाचांनी आपली गाडी दोन हात सरकवली, हेही सांगितले पाहिजे.

शाळा सुटताना बहुतेकांच्या बाटलीत घोटभर पाणी उरते. साठ मुलांनी शंभर-शंभर मिलिलिटर पाणी आळ्यात ओतले, तर सहा लिटर होते. मोठ्या झाडाला ते थोडेच. पण त्याच रांगेत लावलेल्या कडुनिंबाच्या रोपाला पुरते. नव्या रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावेच लागते. रोपे लावण्याचा कार्यक्रम जुलैत होतो आणि रोपे वाळतात मार्चमध्ये, तेव्हा तेथे कोणी नसते.

चैत्रात करंजाला नवी पालवी आली. रस्त्याकडच्या बाजूची एक जाड फांदी तशीच वाळकी राहिली. ती पावसाळ्यापूर्वी उतरवावी, यासाठी मुलांनी तिसरा अर्ज लिहिला आहे.

शब्दार्थ : बुंधा – खोडाचा जमिनीजवळचा भाग. धुमस – जमीन ठोकून कडक करण्याचे साधन. पोच – कागद मिळाल्याची खूण. पाचोळा – वाळलेली पाने.

स्वाध्याय
१. बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरात का असतात?
२. फळवाल्या चाचांची अडचण कोणती होती? मुलांनी ती कशी दूर केली?
३. तुमच्या शाळेजवळच्या एका झाडाचा बुंधा पाहा आणि जे दिसेल ते पाच वाक्यांत लिहा.