जलपर्णी मृगाआधी काठावर काढा

उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की उजनीचा फुगवटा, पंचगंगा, इंद्रायणी, मुळा-मुठा यांच्या पात्रात जलपर्णी दाटते. ती मोटारीच्या फुटव्हॉल्वमध्ये अडकते आणि पाण्यातला प्राणवायू घटवून मासे गुदमरवते. पोषक पाणी मिळाले तर दोन आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होऊ शकतो.

मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती आपल्याकडे पोसली जाते ती नत्र आणि स्फुरदावर. शहरांच्या सांडपाण्यातून ते येतेच, पण शेतातून वाहून गेलेल्या खतातूनही येते. म्हणून जलपर्णी काढणे आणि खत बांधाच्या आत राखणे ही दोन्ही कामे बरोबरच व्हायला हवीत.

आत्ता काय करावे?

१. फुलोऱ्याआधी मुळासकट काढा. बी गाळात १५ ते २० वर्षे जिवंत राहते, आणि तुटलेल्या फुटव्यातूनही नवे रोप वाढते. पूर आला की तीच रोपे खालच्या गावांत पोहोचतात.

२. ढीग पाण्यापासून लांब, उंचवट्यावर रचा. जलपर्णीत ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. तीन-चार दिवस सुकवून, तुकडे करून तिचे थर उसाचे पाचट आणि शेणकाल्याबरोबर आलटून पालटून द्या. दर पंधरा दिवसांनी ढीग चाळवा. बाहेरचा थर आत गेला तरच त्यातले बी उष्णतेने मरते. पावसात ढीग झाकून ठेवा. मेमध्ये रचलेल्या ढिगाचे खत रब्बीच्या पेरणीआधी वापरता येते.

३. कारखान्यांचे सांडपाणी येते तिथली जलपर्णी खताला घेऊ नका, जनावरांनाही घालू नका. तिच्या मुळांत जड धातू साठतात.

४. पाण्यावर तणनाशक फवारू नका. मेलेली जलपर्णी तिथेच कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही संपतो.

खरिपात खत कसे राखावे?

माती परीक्षणाप्रमाणेच मात्रा द्या. युरिया दोन-तीन हप्त्यांत विभागा आणि मुसळधार पावसाच्या तोंडावर टाकू नका. नाल्याकाठी गवताचा पट्टा राखा. वाहून जाणारी माती आणि तिला चिकटलेले स्फुरद तिथे अडते.

एका शेतकऱ्याने आपला काठ साफ केला तरी वरून वाहत आलेली रोपे आठवड्यात तो भरून टाकतात. त्यामुळे काठावरच्या गावांनी ग्रामपंचायतीमार्फत एकच दिवस ठरवावा, काम नदीच्या वरच्या अंगाने सुरू करून खाली यावे आणि मृगाच्या पहिल्या पावसाआधी ते संपवावे.