हंगामाचा हिशेब

खेळांचा हंगाम संपला की वर्तमानपत्रात एकच ओळ ठळक छापलेली आढळते : अमुक संघाने अमुक संघास हरवून चषक पटकाविला. विद्यार्थी तीच वाचतात आणि पालकही तीच वाचतात. परंतु शहाणा दुकानदार वर्षअखेर नुसती शिल्लक पाहून वही मिटीत नाही. कोणत्या महिन्यात काय आले व काय गेले, हे तो पानोपान तपासतो. खेळाच्या हंगामाची वहीही तशीच वाचावयास हवी. ती कशी वाचावी हे बास्केटबॉलच्या उदाहरणाने दाखवावे, असा आमचा हेतू आहे.

हा खेळ मुळी रिकामा हंगाम भरून काढण्यासाठीच जन्मास आला. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए.च्या विद्यालयात जेम्स नेस्मिथ हे शिक्षक होते. हिवाळ्यात तेथे मैदानी खेळ बंद पडत, आणि नुसत्या कवायतीस तरुण कंटाळत. तेव्हा डिसेंबर १८९१ मध्ये नेस्मिथ ह्यांनी व्यायामशाळेच्या सज्जास पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकविल्या, १३ नियम लिहून काढले, आणि १८ विद्यार्थ्यांचे दोन संघ करून खेळ सुरू केला. ह्या साध्या युक्तीतून जगभर पसरलेला खेळ निर्माण झाला.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. अहमदनगर महाविद्यालय डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांनी १९४७ साली स्थापिले, आणि १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले. आज त्या विद्यापीठास सावित्रीबाई फुले ह्यांचे, व आपल्या जिल्ह्यास अहिल्यादेवींचे नाव आहे. विद्यापीठाच्या स्पर्धांची शिडी अशी असते : प्रथम विभागातील महाविद्यालये आपसांत खेळतात, मग विभाग विभागांशी, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जाऊन तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस जातो, आणि तेथे यश आल्यास अखिल भारतीय स्पर्धेस. शिडी उत्तम आहे; परंतु तिच्या खालच्या पायऱ्यांवर बहुधा बाद पद्धत असते. म्हणजे एकदा हरला तो घरी गेला.

येथे पाटीपेन्सिल घ्यावी. आठ संघ बाद पद्धतीने खेळले, तर सामने सात होतात. त्यांपैकी चार संघ एकच सामना खेळून परततात. वर्षभर पहाटे उठून सराव केलेल्या मुलीचा हंगाम एका सकाळी तासा-दीड तासात आटोपतो. शिवाय चिठ्ठ्यांचा खेळ निराळाच. सर्वोत्तम संघाच्या अर्ध्या भागात आणखी तीन जागा असतात, आणि उरलेले संघ सात. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या योग्यतेचा संघ त्याच भागात पडून अंतिम सामन्यापूर्वीच बाद होण्याचा संभव सातांत तीन इतका असतो. तेच आठ संघ साखळी पद्धतीने खेळले, तर सामने २८ होतात व प्रत्येकाच्या वाट्यास सात येतात. दुहेरी साखळी केली, तर सामने ५६, आणि प्रत्येकास १४.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. अमेरिकेतील हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ विद्यापीठांचे आयव्ही लीग नावाचे मंडळ नेमके असेच खेळते. प्रत्येक संघ प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदा स्वतःच्या मैदानावर व एकदा त्याच्या मैदानावर भिडतो. त्यामुळे वाचकास ताडून पाहता येते. पहिल्या भेटीत २० गुणांनी हरलेला संघ दुसऱ्या भेटीत तीनच गुणांनी हरला, तर कोष्टकात दोन्ही वेळा पराभवच लिहिला जातो. पण ज्यास वही वाचता येते, त्यास त्या दोन पराभवांमध्ये सगळा हंगाम दिसतो.

ह्या मंडळाचा २०१९-२० चा हंगाम विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुरुषांत येल ११ विजय व ३ पराभव मिळवून पहिले आले, आणि हार्वर्ड १० व ४ असे दुसरे. स्त्रियांत प्रिन्स्टनने मंडळातील १४ पैकी १४ सामने जिंकले. संपूर्ण हंगामात त्यांचे २६ विजय व एकच पराभव. पुढे पहिल्या चार संघांची अंतिम स्पर्धा व्हावयाची होती. परंतु करोनाच्या साथीमुळे १० मार्च २०२० रोजी ती रद्द झाली, आणि १२ मार्च रोजी राष्ट्रीय स्पर्धाही. बाद पद्धतीची मोठी लढत त्या मुलींच्या नशिबी आलीच नाही. तथापि त्यांचे वर्ष रिकामे गेले असे कोण म्हणेल? खेळलेला प्रत्येक सामना वहीत होता, व तो कोणास पुसता येण्याजोगा नव्हता.

बाद पद्धतीस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ३२ संघांची साखळी म्हणजे ४९६ सामने; बाद पद्धतीने ते ३१ मध्ये उरकतात. दिवस, मैदाने व प्रवासखर्च ह्यांचा विचार आयोजकांस करावाच लागतो. परंतु मोठी स्पर्धा होण्यापूर्वीचे महिने आपण मोकळे का सोडावेत? जवळपासच्या चार शाळांनी दुहेरी साखळी ठरविल्यास सामने १२ होतात. दर शनिवारी दोन, असे सहा शनिवार पुरतात. लागतात ते दोन खांब, एक चेंडू, एक शिट्टी आणि गुण लिहिणारा एक विश्वासू विद्यार्थी. ज्या मुलांस मोठ्या स्पर्धेत एकच सामना लाभला असता, त्यांस आधी सहा तरी खेळावयास मिळतील. पराभवानंतर पुढल्या शनिवारी पुन्हा उभे राहण्याची सवय नुसत्या उपदेशाने लागत नाही. त्यासाठी पुढला शनिवार असावा लागतो.

पालकांस एक विनंती. मूल सामन्याहून परतले की ‘जिंकलास का?’ असे अवश्य विचारावे. पण तेवढ्यावर न थांबता ‘मागच्या खेपेपेक्षा आज काय निराळे झाले?’ हेही विचारावे.

अभ्यासासाठी : सहा शाळांनी दुहेरी साखळी ठरविली आणि प्रत्येक शाळा आठवड्यास एकच सामना खेळली, तर एकंदर सामने किती होतील, व किती आठवडे लागतील? उत्तर काढून वर्गशिक्षकांस दाखवावे. आणि जमल्यास त्याच कागदावर शाळांची नावेही लिहावीत.