नव्या धंद्याचे नाव आणि वेबसाइट : मालाची उलटी बाजूही दाखवा

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आमच्या गावाचे स्टेशन आहे. त्याचे नाव नुसते 'पोखर्णी' नाही, 'पोखर्णी नृसिंह' असे आहे. पोखर्णी नावाची गावे मराठवाड्यात आणखीही आहेत. येथील नृसिंहाचे मंदिर पंचक्रोशीत प्रसिद्ध असल्याने तो एक शब्द जोडला की प्रवासी चुकत नाही. धंद्याच्या नावाचेही असेच असते. नाव ऐकताच गिऱ्हाइकाला दुकान ओळखू आले पाहिजे, आणि त्या ओळखीमागे काहीतरी खरे उभे असले पाहिजे.

हल्ली आपल्या समाजातील अनेक तरुण घरबसल्या धंदा सुरू करतात. कोणी ड्रेस मटेरियल विकतो, कोणी बुरखे शिवतो, कोणाची बहीण जरदोजीचे काम करते. ते आमच्याकडे येतात आणि विचारतात, "चाचा, वेबसाइट कशी करावी? ब्रँड कसा तयार होतो?" आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, मराठी आम्ही दुकानात गिऱ्हाइकांकडून शिकलो आणि संगणक तर फार उशिरा पाहिला. तरीही या विषयावर चार गोष्टी सांगण्याइतकी ठेच आम्हाला लागलेली आहे. तीच येथे सांगतो.

आमची चूक

आमच्या भाच्याने दुकानाच्या नावाने वेबसाइट सुरू केली. सुती ड्रेस मटेरियलचा माल एका ठोक व्यापाऱ्याकडून आणला. फोटोही त्यानेच दिले. गोऱ्यापान मुली, मागे बाग, रंग असे की डोळे दिपावेत. भाच्याने खाली लिहिले, 'शुद्ध सुती, पक्का रंग'. आम्ही माल हातात घेऊन पाहिला होता. ओढणीत मिलावट आहे हे बोटांना कळले होते, लाल रंगाबद्दलही शंका आली होती. पण मुलाचा उत्साह मोडू नये म्हणून आम्ही गप्प बसलो. ही आमची चूक.

नाशिकच्या एका बाईंनी तीन जोड मागवले. पहिल्याच धुण्यात ओढणीचा लाल रंग कुर्त्यावर उतरला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढेच लिहून पाठवले, 'मी तुमच्या दुकानात समोर बसले असते तर तुम्ही हेच सांगितले असते का?'

भाचा म्हणाला, "मामू, ठोकवाल्याने जे सांगितले तेच मी लिहिले." आम्ही म्हणालो, "बेटा, वेबसाइटवर ठोकवाल्याचे नाव नाही, आपले आहे." तिन्ही जोडांचे पैसे आणि टपालखर्च परत केला. त्या बाई पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत. पैसे परत करता येतात, गेलेला विश्वास मनिऑर्डरने येत नाही.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. काउंटरवर बसून, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाहून जे वाक्य बोलता येणार नाही, ते वेबसाइटवर लिहायचे नाही. ज्याला आज ब्रँड म्हणतात तो आमच्या मते याच्यापेक्षा वेगळा काही नाही.

ढिगाच्या तळाचा माल

मदिनेच्या बाजारातील धान्याच्या ढिगाचा प्रसंग वाचकांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वरच का ठेवले नाहीस, असे त्याला विचारण्यात आले. वेबसाइटवरचा फोटो म्हणजे ढिगाचा वरचा थर होय. गिऱ्हाइकाला आत हात घालता येत नाही. म्हणून आतले धान्य वर आणून दाखवणे हे विकणाऱ्याचेच काम ठरते.

कापडाच्या धंद्यात याची उत्तम मिसाल पैठणीची आहे. अस्सल हातमागाच्या पैठणीच्या पदरावर नक्षीचे रंगीत धागे जागच्या जागी एकमेकांत गुंफलेले असतात. त्यामुळे पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलट बाजूसारखीच दिसते. मशीनवरच्या नकलेच्या मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात. समोरून घेतलेल्या फोटोत मात्र दोन्ही सारख्याच देखण्या वाटतात. जो विणकर उलट्या बाजूचा फोटो देतो त्याला 'अस्सल' हा शब्द लिहावाच लागत नाही.

मात्र हाच नियम डोळे झाकून सगळीकडे लावू नये. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) हिमरूचे उदाहरण घ्या. सुताचा ताणा आणि रेशमाचा बाणा असे हे कापड किमखाबाला पर्याय म्हणून नावाजले गेले. त्याच्या उलट बाजूला रेशमाचे सुटे धागे असतात. तो दोष नाही, ती विणकामाची पद्धतच आहे. जाणकार गिऱ्हाइकाला हे माहीत असते, नव्याला नसते. म्हणून उलटी बाजू दाखवावी आणि खाली दोन ओळींत ती तशी का आहे हेही सांगावे. या दोन ओळी तुमच्या स्वतःच्या असतात, त्या कोणत्याही कॅटलॉगात मिळत नाहीत. गिऱ्हाइक तुम्हाला लक्षात ठेवते ते या ओळींमुळे.

नाव निवडताना

'न्यू', 'रॉयल', 'स्टार' ही नावे प्रत्येक शहरात दहा-दहा दुकानांवर आहेत. असे नाव इंटरनेटवर शोधले तर गिऱ्हाइक भलत्याच दुकानात जाते. नाव छोटे आणि उच्चाराला सोपे असावे. मालाची नुसती स्तुती करणारे किंवा फक्त गावाचे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवणे अवघड जाते, हेही लक्षात ठेवावे.

लांब नावाचे काय होते ते पाहा. मुंबईत १९३५ साली डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' ही कंपनी काढली. जग तिला 'सिप्ला' म्हणून ओळखते. जळगाव जिल्ह्यातील अमळनेरला १९४५ साली मुहम्मद हाशिम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना सुरू केला. 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' हे त्याचे नाव पुढे 'विप्रो' झाले. तूप आणि साबणापासून संगणकापर्यंत धंदा बदलत गेला, तरी तेच छोटे नाव पुढे चालले.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. बोर्डावर नाव उर्दूत एक, बिलावर मराठीत दुसरे आणि इंग्रजीत तिसऱ्याच स्पेलिंगचे. आधी तिन्ही लिप्यांत नाव कसे लिहायचे ते कागदावर ठरवा आणि मग बोर्ड, बिल, पिशवी, वेबसाइट सगळीकडे तसेच ठेवा. यूपीआयने पैसे देताना मोबाइलवर जे नाव दिसते तेही दुकानाचेच असावे. दुकान एका नावाचे आणि पैसे घेणारा दुसऱ्याच नावाचा दिसला की दूरचे गिऱ्हाइक फसवणुकीच्या भीतीने तेथेच थांबते. यासाठी बँकेत दुकानाच्या नावाने चालू खाते उघडणे बरे.

वेबसाइटवर काय असावे

पाच पाने पुरतात. पहिल्यावर काय विकता ते एका वाक्यात. दुसऱ्यावर माल आणि भाव. तिसऱ्यावर तुम्ही कोण, हा धंदा कधीपासून, माल कोठून आणता. चौथ्यावर परतीचे नियम. पाचव्यावर पूर्ण पत्ता, फोन आणि दुकान उघडे असण्याच्या वेळा.

मालाची माहिती देताना कापडात सूत किती आणि मिलावट किती, पन्हा किती, धुतल्यावर किती आटते, रंग पक्का की पहिल्यांदा वेगळा धुवावा, हे स्पष्ट लिहा. आम्ही आता प्रत्येक नव्या थानाचा तुकडा कापून धुतो आणि धुण्यापूर्वीचा व नंतरचा असे दोन्ही फोटो देतो. फोटो दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात, मोबाइलनेच घेतो. ते कॅटलॉगइतके सुंदर नसतात. पण पार्सल परत येण्याचे प्रमाण यामुळे कमी झाले. माल मालेगावच्या यंत्रमागाचा असेल तर तसेच लिहा. यंत्रमागाचा माल विकणे ऐब नाही, त्याला हातमागाचा म्हणणे ऐब आहे.

'तुम्ही कोण' या पानावर खोटा इतिहास लिहू नये. दुकान सहा महिन्यांचे असेल तर सहा महिन्यांचेच सांगा. तुम्ही किती वर्षे शिवणकाम केले, कोणत्या उस्तादाकडे शिकलात, हे खरेखुरे लिहा. भाऊ-मित्रांकडून तारीफ लिहून घेऊन गिऱ्हाइकांचे अभिप्राय म्हणून छापण्याची रीत वाढली आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकच काढले, यावरून हा रोग किती पसरला ते समजावे.

भाषा गिऱ्हाइकाची ठेवा. परभणी, नांदेड, जालन्याचे गिऱ्हाइक असेल तर मराठीतच लिहा, इंग्रजीचा हट्ट नको. आणि वेबसाइटला पैसे नसतील तर आधी गूगल मॅपवर दुकानाची नोंद करा. ती मोफत आहे.

पत्ता आणि किल्ली आपल्याच हातात

वेबसाइटच्या पत्त्याला डोमेन म्हणतात. ते विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्याने मिळते आणि वेळेवर नूतनीकरण करावे लागते. आमचे डोमेन वेबसाइट करून देणाऱ्याने स्वतःच्याच नावावर घेतले होते. पुढच्या वर्षी त्याने दुप्पट पैसे मागितले, तेव्हा कळले की बोर्ड आमचा असला तरी दुकानाची किल्ली त्याच्या खिशात आहे. म्हणून डोमेन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेल आणि मोबाइल क्रमांकावर घ्या. पासवर्ड वहीत लिहून ती गल्ल्याच्या चावीबरोबर ठेवा. २०१४ पासून देवनागरीत '.भारत' हा पत्ताही मिळतो, पण टाइप करायला बहुतेकांना '.इन' सोपे जाते.

कायद्याच्या चार गोष्टी

एक, ट्रेडमार्क. अर्ज ऑनलाइन करता येतो. व्यक्ती आणि लघुउद्योगासाठी एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. कापड २४ व्या वर्गात, तयार कपडे २५ व्या वर्गात आणि दुकानदारीची सेवा ३५ व्या वर्गात येते. नोंदणी १० वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. अर्जापूर्वी तेच नाव कोणी घेतले आहे का ते ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी वेबसाइटवर मोफत पाहता येते. नोंदणी झाल्याशिवाय नावापुढे वर्तुळातील 'आर'चे चिन्ह लावणे गुन्हा आहे.

दोन, दुसऱ्यांची नावे. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव ती विणणाऱ्यांचे आहे, नकलेवर लावता येत नाही. २०१३ च्या खादी मार्क नियमांनुसार खादीचे चिन्ह नसलेले कापड खादी म्हणून विकता येत नाही. हातमागाच्या मालासाठी २००६ पासून 'हँडलूम मार्क' आहे. आपले विणकर बांधव त्याचा फायदा घेऊ शकतात.

तीन, परराज्यात माल पाठवायचा तर उलाढाल कमी असली तरी सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना काही सवलत आहे. आपल्या कर सल्लागाराला विचारूनच सुरुवात करा.

चार, ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम. वेबसाइटवर विकणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता, परतीचे नियम आणि तक्रार कोणाकडे करावी हे दिले पाहिजे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी आणि एक महिन्यात तिचे निवारण करावे. उद्यम नोंदणी मोफत आहे, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत.

शेवटी

वाचकहो, यातील बरीचशी कामे पैशाने होतात आणि कोणाकडूनही करून घेता येतात. एक काम मात्र स्वतःच करावे लागते. या आठवड्यात आपल्या दुकानातील सर्वांत जास्त खपणारी एक वस्तू घ्या. ती उलटी करा, धुवा, ओढून पाहा. तिच्यात जो दोष किंवा मर्यादा आढळेल ती एका साध्या वाक्यात लिहा आणि ते वाक्य भावाच्या शेजारी ठेवा. काही गिऱ्हाइके जातील. जी राहतील ती तुमच्या नावावर राहतील, आणि तेच नाव उद्या तुमच्या मुलांच्या कामी येईल.

आमच्या वेबसाइटवर आज त्या ओढणीखाली लिहिले आहे : 'मिलावटी कापड. लाल रंग पहिल्या दोन धुण्यांत उतरतो, वेगळी धुवावी.' हे वाक्य आम्ही नाशिकच्या पार्सलाआधी लिहायला हवे होते.