पेबल घड्याळाची कथा

एरिक मिगिकोव्हस्की हा कॅनडातील विद्यार्थी इ. स. २००८ मध्यें हॉलंडांत डेल्फ्ट येथें शिकत होता. तेथें सायकलीवरून जातांना फोन वाजला, तर तो खिशांतून काढावा कसा? आलेला निरोप मनगटावरच दिसावा, असें त्याच्या मनानें घेतलें.

त्याच्या पहिल्या घड्याळास फारसें गिऱ्हाईक मिळालें नाहीं. दुसऱ्यास, म्हणजे ‘पेबल’ला, भांडवलवाले पैसा देईनात. तेव्हां ११ एप्रिल २०१२ रोजीं त्यानें किकस्टार्टरमार्फत सामान्य लोकांनाच विनविलें: आज पैसे द्या, घड्याळ तयार होतांच पाठवितों. मागणें एक लाख डॉलरांचें; मिळाले एक कोटि दोन लाखांहून अधिक, तेही ६८,९२९ लोकांकडून!

पण इतक्या लोकांस शब्द देणें म्हणजे केवढें ओझें! कबूल केलेला सप्टेंबर उलटला. पहिलीं घड्याळें निघालीं तीं जानेवारी २०१३ मध्यें. विलंबाचीं कारणें मात्र लोकांस वेळोवेळीं कळविलीं जात, हें मला विशेष वाटतें.

घड्याळ साधें, काळ्यापांढऱ्या पडद्याचें. हा पडदा बाहेरचा प्रकाश परतवितो, म्हणून तो भर उन्हांतही वाचतां येई व वीज फार थोडी लागे. एकदां भरलेली वीज आठवडाभर पुरे.

२०१५ मध्यें अ‍ॅपलसारखी बलाढ्य कंपनी या धंद्यांत उतरली. डिसेंबर २०१६ मध्यें पेबल कंपनी बंद पडली. तिचा कांहीं भाग फिटबिटनें घेतला, आणि ज्यांचीं घड्याळें व्हावयाचीं राहिलीं होतीं त्यांचे पैसे परत करण्यांत आले.