पडदा कुठल्या बाजूनं येतोय?

माझ्या खुर्चीचं सरकारी नाव नेत्र चिकित्सा अधिकारी. गावात मात्र मी ‘डोळ्यांच्या बाई’. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, शब्द पाठ झाले की काम आलं. पारपटल, परितारिका, भिंग, दृष्टिपटल, ओडी, ओएस, आयएमएससी, सगळं तोंडपाठ होतं. पेशंट यातला एकही शब्द बोलत नाही, हे मात्र कुठल्याच पेपरात विचारलं नव्हतं.

बाजाराचा दिवस होता, ओपीडी दारापर्यंत भरलेली. साखर कारखान्यात वजनकाट्यावर काम करणारे एक मामा स्टुलावर येऊन बसले. वय पन्नाशीच्या पुढे, चष्म्याच्या काचा जाड, काचांमागे डोळे बारीक दिसत होते. म्हणजे मायनसचा मोठा नंबर. (प्लसच्या जाड काचेमागे डोळे वटारल्यासारखे मोठे दिसतात. चष्मा हातात घ्यायच्या आधीच एवढं कळतं.) मामा म्हणाले, “बाई, डाव्या डोळ्यावर पडदा आलाय.”

तक्त्यावर डाव्या डोळ्यानं ६/१८ वाचलं. टॉर्च मारला तर भिंग जरासं धुरकट. मी लिहून मोकळी झाले : डावा डोळा, आयएमएससी. म्हणजे अजून न पिकलेला मोतीबिंदू. “तीन महिन्यांनी या.” मामा उठता उठता काहीतरी सांगत होते, “खालनं येतंय बघा, नाकाकडनं...” पण तोवर मी पुढचा नंबर पुकारला होता.

ते पंचविसाव्या दिवशी परत आले. आता डाव्या डोळ्याला फक्त डोळ्यासमोर हलणारा हात कळत होता. टॉर्चचा उजेड उजव्या डोळ्यावरून डाव्यावर नेला की डाव्याची बाहुली आकसायच्या ऐवजी मोठी होत होती. उजेड कुठून येतोय हे विचारलं तर वरचं सांगत होते, खालचं आणि नाकाकडचं सांगता येईना. नुसता मोतीबिंदू कितीही पिकलेला असला तरी एवढं कळतं. मामांचं दृष्टिपटल सुटलं होतं. डोळ्यात चित्र उलटं पडतं, त्यामुळे सावली खालून नाकाकडून येत असेल, तर पटल वरच्या कानाकडच्या बाजूनं सुटलेलं असतं. मामांनी मला जागेसकट सगळं सांगितलं होतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी ऑपरेशन झालं, पटल बसलं. पण मधला तीक्ष्ण नजरेचा भाग तोवर सुटून बरेच दिवस झाले होते. नजर ६/६० वर थांबली. म्हणजे धड डोळा जे अक्षर साठ मीटरवरून वाचतो, ते मामा सहा मीटरवरून वाचतात.

दोष ‘पडदा’ या शब्दाचा नव्हता, त्याचा अर्थ न विचारणाऱ्या माझा होता. आमच्या भागात मोतीबिंदूचा धूसरपणा म्हणजे पडदा, कोपऱ्यातून बुबुळावर चढणारी वेल म्हणजे पडदा, आणि डॉक्टर लोक समजावून सांगताना दृष्टिपटलालाही पडदाच म्हणतात. एका शब्दात तीन आजार. त्यातला एक तीन महिने थांबू शकतो, एक तीन वर्षंही थांबेल, आणि एक उद्यापर्यंतही थांबत नाही.

म्हणून नव्यानं या कामात आलेल्या मुलामुलींना मी आधी केसपेपर कसा लिहायचा ते दाखवते. पेशंटचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हात लिहायचे. ‘खालनं पडदा येतोय’ असं मी लिहिलं असतं, तर दर आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेतून ते सुटलं नसतं. निदानाचं नाव लिहायची घाई आपण करायचीच नाही. कधीपासून, एकदम की हळूहळू, कुठल्या बाजूनं, दुखतंय का, एवढं विचारायचं. मोतीबिंदू धुक्यासारखा सगळीकडून आणि महिनोन्‌महिने येतो. विजा चमकल्यासारखं होतंय, काळे ठिपके एकाएकी वाढलेत, एका बाजूनं सावली सरकतेय, असं कोणी म्हणालं आणि त्यातून मायनसचा मोठा नंबर असेल, तर त्याच दिवशी पुढे पाठवायचं. संध्याकाळची एसटी गाठायला लावायचं.

‘बुबुळ’ हाही असाच फसवा शब्द. लोकांच्या लेखी डोळ्यातलं काळं दिसतं ते सगळं बुबुळ. ‘बुबुळावर फूल पडलंय’ म्हणजे पारपटलावर पांढरा डाग आहे, रंगीत परितारिकेशी त्याचा संबंध नाही. शब्दावर वाद घालू नये, बोट ठेवून दाखवायला सांगावं.

आमचे शब्दही काही कमी नाहीत. ओडी म्हणजे उजवा डोळा, लॅटिनमधून आलेलं. पण औषधाच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे दिवसातून एकदा. एकदा मी ‘थेंब, ओडी’ असं लिहिलं आणि औषधाच्या खिडकीवरून त्या बाईंना सांगण्यात आलं, दोन्ही डोळ्यांत रोज एकदा. सुदैवानं साधे थेंब होते. तेव्हापासून मी ‘उजवा’, ‘डावा’ अक्षरांत लिहिते. आणि तोही पेशंटचा उजवा, समोर बसलेल्या माझा नव्हे. नंबर लिहिताना प्लस-मायनसचं चिन्ह आधी, आकडा नंतर. चिन्ह राहिलं तर चष्मा बनवणारा अंदाज करतो.

काचबिंदूबद्दल मात्र जरा दमानं बोलते. ‘बिंदू’ एवढंच कानावर पडलं की घरची माणसं म्हणतात, “पिकू द्या, मग काढू.” काचबिंदू पिकत नाही आणि काढताही येत नाही. त्यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी किंवा ऑपरेशननं राखायची. हे मी नातेवाइकांकडून त्यांच्या तोंडानं परत म्हणवून घेते. नुसती मान हलवली तर पुन्हा सांगते.

मामा अजून येतात. उजव्या डोळ्याची तपासणी दर सहा महिन्यांनी असते. ऑपरेशननंतर त्यांनी गावभर सांगितलं, “पडदा काढला.” मी किती वेळा म्हटलं, “मामा, काढला नाही, चिकटवलाय.” ते हसतात. गेल्या खेपेला मामींना घेऊन आले आणि म्हणाले, “बाई, हिचाबी पडदा काढून द्या.” मी त्यांना बाहेर बसवलं, मामींना स्टुलावर घेतलं आणि विचारलं, “मामी, कधीपासून? आणि कुठल्या बाजूनं?”

“बाजू कसली,” मामी म्हणाल्या, “समदंच धुरकाटलंय. दोन दिवाळ्या झाल्या.”