विमान-संग्रहालय कसे वाचावे

संग्रहालय पाहणे आणि संग्रहालय वाचणे यांत अंतर आहे. पाहणारा वस्तूच्या आकाराने थक्क होतो. वाचणारा त्या वस्तूमागची माणसे शोधतो. अमेरिकेतील अटलांटा येथील ‘डेल्टा फ्लाइट म्युझियम’ हे प्रवासी विमानवाहतुकीच्या इतिहासाला वाहिलेले संग्रहालय या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. 1940 च्या दशकातील दोन जुन्या हँगरमध्ये ते मांडलेले आहे.

पहिला प्रश्न विचारावा : या उद्योगाचा उगम कशात आहे? उत्तर अनपेक्षित आहे, ते कापसाच्या शेतात सापडते. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या बोंडात शिरणाऱ्या एका सोंड्या किडीने हाहाकार माजवला होता. तिच्यावर विमानातून विषारी भुकटी फवारणारी एक कंपनी 1920 च्या दशकात उभी राहिली. बोंडअळीने पीक गेल्याचे दुःख विदर्भ-मराठवाड्यातील पालकांना वेगळे सांगायला नको. हीच कंपनी 1928 मध्ये ‘डेल्टा’ झाली आणि 1929 मध्ये तिने प्रवासी वाहतूक सुरू केली. पहिल्या विमानात पाच प्रवासी बसत.

दुसरा प्रश्न : हे कोणाच्या श्रमाने टिकले? येथील ‘डीसी-3’ हे एकवीस आसनी विमान कंपनीने विकून टाकले होते. अनेक वर्षांनी ते शोधून परत आणले गेले आणि 1990 च्या दशकात निवृत्त कर्मचारी व स्वयंसेवकांनी ते पुन्हा पूर्वरूपास आणले. शेजारचे ‘स्पिरिट ऑफ डेल्टा’ हे बोइंग 767 तर कर्मचाऱ्यांनी 1982 मध्ये स्वतःच्या पगारातून वर्गणी काढून कंपनीला दिले. त्या वर्गणीची रक्कम सुमारे तीन कोटी डॉलर होती. बाहेर उभ्या असलेल्या बोइंग 747-400 च्या पंखांचा विस्तार सुमारे 64 मीटर आहे. परंतु त्या लांबीपेक्षा ही वर्गणी अधिक काही शिकवते. लहान लहान वाट्यांतून मोठी वास्तू उभी राहते, हे वसतिगृहात वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी जवळून पाहिले आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : दार कोणासाठी बंद होते? याचे उत्तर शोधताना विमानांबरोबर न्यायालयांचे निकालही वाचावे लागतात. याच अटलांटा शहराच्या विमानतळावरील उपाहारगृहात कृष्णवर्णीय प्रवाशांना वेगळे बसवले जाई. तिकिटाचे पैसे सारखे. जेवणाची जागा मात्र निराळी. 1960 मध्ये संघीय न्यायालयाने ही प्रथा बेकायदा ठरवली. वैमानिकाच्या आसनाचे दार तर आणखी घट्ट होते. मार्लन ग्रीन या हवाई दलातील अनुभवी कृष्णवर्णीय वैमानिकाला दुसऱ्या एका विमान कंपनीने नोकरी नाकारली. त्याने लढा दिला आणि 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. यंत्राला वर्ण कळत नव्हता; भेद माणसांनी निर्माण केला होता, म्हणून तो माणसांनाच मोडावा लागला.

संग्रहालयाजवळच्या विमानतळाला आज मेनार्ड जॅक्सन यांचेही नाव आहे. ते अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. विमानतळाच्या विस्ताराच्या कामांत कृष्णवर्णीय उद्योजकांना वाटा मिळावा, असा त्यांनी आग्रह धरला होता. जेथे कृष्णवर्णीय प्रवाशाला वेगळे बसावे लागे, तेथेच पुढे एका कृष्णवर्णीय नेत्याचे नाव लागले. हा बदल आपोआप घडला नाही. न्यायालय, कायदा, शिक्षण आणि चिकाटी यांनी तो घडवला.

पालकांनी मुलांना कोणतेही संग्रहालय दाखवताना हे तीन प्रश्न सोबत न्यावेत : हे कशातून उगवले, कोणी घडवले, आणि कोणाला बाहेर ठेवले गेले? विमान किती उंच उडाले याची नोंद फलकावर असतेच. त्यात कोण बसू शकले आणि ते कोण चालवू शकले, याची नोंद आपण करायची आहे.