डॉ. कोटणीस आणि ग्वो छिंगलान

ताईंनो, सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आता स्मारक आहे. बैठकीला शहरात आलात की बघून या. जन्म 1910 चा, इथलाच.

जपानने चीनवर हल्ला केला, तेव्हा 1938 साली भारतातून पाच डॉक्टर मदतीला गेले. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. वडील गेल्याचं तिकडेच कळलं, तरी जखमींना सोडून आले नाहीत. 1940 च्या लढाईत 13 दिवसांत सुमारे 800 जखमी त्यांच्याकडे आले. चिनी भाषा शिकून ते तिथल्या मुलांना त्याच भाषेत डॉक्टरकी शिकवत.

आपण नाव घेतो ते कोटणीसांचं. ग्वो छिंगलानचं क्वचितच. ती तिथली परिचारिका. 1941 मध्ये दोघांचं लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगा. नाव ठेवलं यिनहुआ : यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बाळ चार महिन्यांचंही नव्हतं, तेव्हा 9 डिसेंबर 1942 ला फिट येऊन डॉक्टर गेले. वय 32. तो मुलगाही डॉक्टरकी शिकताना चोविसाव्या वर्षी गेला. तरी ग्वोबाई सासरच्या माणसांना भेटायला पुन्हा पुन्हा भारतात येत राहिल्या.